जेवणाच्या सुट्टीतला वास

इंगवले सरांनी माझ्या डब्याचं झाकण स्वतःच उघडलं, शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या टोकाने माझी उसळ ढवळली.

“हे काय आहे?”

“मुगाची उसळ.”

“खाली?”

“खालीपण उसळच आहे, सर.”

तरी त्यांनी तळापर्यंत पेन घालून बघितलं. मग चपातीची घडी उलगडली. मग वाकून नाक डब्याजवळ नेलं आणि आत काहीतरी मेलेलं असावं तसं झटकन मागे घेतलं.

“वास तर येतोय.”

“वास सगळीकडेच येतोय, सर. डबा उघडायच्या आधीपासून येतोय.”

“मग कालचा असेल. परवाचा असेल. तुमच्याकडच्या भांड्यांनाच बसलेला असतो तो, घासून जात नाही.” त्यांनी पेनाचं टोक माझ्या डब्याच्या फडक्याला पुसलं आणि पेन परत खिशात अडकवलं. “हे बघ दर्शना, मला कुणाच्या खाण्याशी काही देणंघेणं नाही. पण इथे माणसांना मळमळतंय. उद्यापासून तू बाहेर बसत जा जेवायला. टाकीजवळ सावली असते.”

ऑफिसात तेव्हा आणखी एकच माणूस होतं. पल्लवी कुलथे, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बसणारी. माझी मैत्रीण. तिच्या स्क्रीनवर काहीच उघडलेलं नव्हतं, तरी ती माऊस हलवत राहिली.

मी डबा उचलला आणि बाहेर गेले. पेन फिरवलेली ती उसळ माझ्याच्याने खाववेना. गेटवरच्या कुत्र्याला घातली. त्याने चाटूनपुसून खाल्ली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हल्ली मी पनवेलकडे नव्या मुलींना फोर्कलिफ्ट चालवायला शिकवते. त्या वेळी मी स्वतः नवी होते. आमचं गाव भिवंडीच्या अंगाला, खाडीकाठी. आम्ही आगरी. गावाच्या आसपास गोडाउनं उभी राहिली तशी गावातली माणसं तिथे कामाला लागली, आणि कंपनीने बायकांना गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं तेव्हा मीही नाव दिलं. आमच्या गोडाउनात साबण, अगरबत्ती, धूप असा माल असायचा. संध्याकाळी घरी गेले की माझ्या केसांना चंदनाचा वास यायचा. माझ्या सासूला, आम्ही तिला आय म्हणतो, त्याचं फार कौतुक. आय भिवंडीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. सुकट, जवळा, बोंबील. “मी येतंय खारटान होऊन न तू येतंस देवघरातशी,” असं म्हणून हसायची.

फोर्कलिफ्ट म्हणजे मालाचे थप्पेच्या थप्पे उचलून वरच्या रॅकवर ठेवणारी गाडी. आमची गाडी बॅटरीवर चालायची. बॅटरी सीटखाली, चांगली ट्रंकेएवढी, आत अ‍ॅसिड. सीट वर उचलली की बॅटरी दिसायची. संध्याकाळी काम संपलं की मी गाडी मागच्या शेडमध्ये नेऊन चार्जरला लावायची आणि सकाळी काढायची. गाड्या दोन होत्या, पण दिवाळीचा माल यायला लागला आणि नेमकी दुसरी गाडी मोडली. एका गाडीवर सगळा भार आला. दुपार टळली की ती धापा टाकायची, अर्धवट उचललेला माल तसाच लोंबकळत राहायचा.

इंगवले सरांनी तोडगा काढला. ते आमचे मॅनेजर. मूळचे कोल्हापूरकडचे, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. रविवारी कुठे मटण खाल्लं ते सोमवारी सगळ्यांना रंगवून सांगायचे.

“मोबाईलचं काय करतेस तू?” त्यांनी मला विचारलं. “जरा वेळ मिळाला की लावतेस ना चार्जिंगला? तसंच करायचं. चहाची सुट्टी झाली, लाव. जेवणाची सुट्टी झाली, लाव. गाडी कशाला मोकळी बसून राहील?”

मला ते पटलं. त्यांनी चार्जरही मागच्या शेडमधून आत आणून बसवून घेतला, ऑफिसच्या भिंतीला लागून, म्हणजे ये-जा करण्यात वेळ जायला नको. त्याच भिंतीच्या अलीकडे आमचं जेवायचं टेबल होतं. सुट्टी झाली की मी गाडी तिथे आणायची, सीट वर उचलायची, चार्जर लावायची, हात धुवायची आणि सगळ्यांबरोबर डबा उघडायला बसायची.

मग वास सुरू झाला.

नासक्या अंड्याचा वास. पहिल्यांदा आला तेव्हा सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. मग कुणी तरी गटार तुंबलं म्हणालं, कुणी उंदीर मेला म्हणालं. गटार साफ झालं, रॅकच्या खालून झाडून घेतलं. वास जाईना. आणि त्याची तऱ्हा अशी की काम चालू असताना नसायचाच. सुट्टी झाली, डबे उघडले, की हळूहळू चढायचा. घशात बसायचा. डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं. दोन पोरी घास तोंडात असतानाच उठून मोरीकडे पळाल्या. डबे उघडले की वास येतो, म्हणजे वास डब्यातलाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा धरलं. कुणी अंडं आणलंय का म्हणून मीही इतरांच्या डब्यांकडे बघत होते.

कुणाच्याच डब्यात अंडं नव्हतं. माझ्या डब्यात मात्र अधूनमधून जवळ्याची चटणी असायची. आणि एके दिवशी सरांनी मला ऑफिसात बोलावलं, ते मी सुरुवातीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली: आवारात मांसाहारी पदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. पाटी सगळ्यांसाठी होती, पण डबा तपासला जायचा तो माझाच. तपासायला कोण, तर वॉचमन गायकर मामा. शेजारच्या गावचे, आमच्यातलेच. त्यांच्या घरचा बोंबील माझ्या सासूकडून जायचा.

“उघड गो,” ते खाली बघत म्हणायचे.

मी झाकण काढायची. ते नाक जवळ नेल्यासारखं करायचे, आत ऑफिसच्या खिडकीकडे बघायचे, म्हणजे तिथून कुणी बघत असेल तर दिसावं.

“भाजी हाय,” ते म्हणायचे. आणि मग हळू आवाजात, “मना माफ कर गो पोरी. मी पन सुकटच खाऊन आलंय.”

मी टाकीजवळ एकटी बसून जेवायला लागले. आणि आत वास येतच राहिला.

एवढ्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी बाहेर, माझा डबा बाहेर, मग आत वास कशाचा? पण माणसाला एकदा नाव सापडलं की ते सोडवत नाही. वास माझ्या जॅकेटला आहे, असं ठरलं. जॅकेट मी बाहेर टांगायला लागले. मग वास गाडीच्या सीटला बसलाय असं ठरलं, कारण गाडी आत आली की वास येतो, हे तेवढं बरोबर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. संकष्टीला अर्ध्याअधिक लोकांचे उपवास होते, टेबलावर नुसती केळी आणि साबुदाण्याची खिचडी होती, तरी वास आला. तेव्हा पॅकिंगमधली एक बाई दुसरीला म्हणाली, “बघ, किती मुरलाय. गाडीच बदलायला पाहिजे.” मी पलीकडच्या रॅकमागे उभी होते. मला ऐकू आलं आणि माझा हात आपोआप माझ्या नाकाकडे गेला. मी माझा तळवा हुंगला. माझी बाही हुंगली.

आणि मला वास आला.

खरंच आला. आता कुणाला सांगितलं तर हसतील. पण त्या दिवसापासून मला माझ्या अंगाचा वास यायला लागला. नखांत, केसांत, गळ्यातल्या सोन्याच्या मण्यांत. मी बेसन आणि लिंबू लावून हात घासायची. आमच्याच गोडाउनातला चंदनाचा साबण विकत आणला आणि दिवसातून तीनदा अंघोळ करायची. कातडी सोलवटली.

एका संध्याकाळी मी आयपुढे मान वाकवून उभी राहिले. “आय, बघ तरी. वास येतंय का माझा?”

“कसला?”

“मासळीचा.”

तिने माझ्या मानेशी नाक नेलं. बराच वेळ ठेवलं. “साबनाचा येतंय,” ती म्हणाली. “क झालं गो तुला?”

मी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर घरात तव्यावर सुकट पडली की मी उठून बाहेर जायची. एकदा जेवता जेवता उठून मी अंगणात जाऊन ओकले. नवरा म्हणाला, दिवस गेलेत की काय. दुसऱ्या दिवशी बघते तर आयच्या मासळीच्या टोपल्या ओटीवर नव्हत्या. शेजारच्या घरी, त्यांच्या पत्र्याखाली नेऊन ठेवल्या होत्या. आमच्या घरात त्या टोपल्या तिच्या सासूपासून होत्या. स्वयंपाकही ती वेगळा करायला लागली. मला वरणभात, आणि तिचं तिकडे, शेजारणीच्या चुलीवर. मी तिला एका शब्दाने अडवलं नाही. खरं तर मला बरं वाटलं.

इकडे वास लपवायला सरांनी उपाय काढला. गोडाउनात अगरबत्तीला काय तोटा. फुटलेल्या पुड्यांतल्या काड्या वेगळ्या काढलेल्या असायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी माझ्या गाडीजवळ अगरबत्ती लावायची, असा हुकूम झाला. ते काम पल्लवीकडे आलं. मी गाडी आणून सीट उचलायची, चार्जर लावायची आणि बाहेर पडायची. मग ती काड्या घेऊन यायची आणि चार्जरच्या डोक्यावर ठेवलेल्या अगरबत्तीच्या पितळी घरात खोचून पेटवायची. माझ्या गाडीला ओवाळल्यासारखं दिसायचं ते. लोक हसायचे.

एके दिवशी सकाळपासूनच गाडी तापलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी सीट उचलली तेव्हा खालून वाफ अंगावर आली आणि वासाने माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. चार्जर लावला, डबा घेतला आणि शटरकडे निघाले. मागून पल्लवी आली. शटरमधून वारा येत होता, तिची काडी विझत होती. तिने वाऱ्याला आडोसा म्हणून गाडीच्या आत, उचललेल्या सीटच्या मागे हात नेले. ते मी वळून पाहिलं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. कुणीतरी जड दार आपटावं तसा झाला. बॅटरीवरची झाकणं उडून पत्र्याला लागली. पल्लवी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती आणि तिच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. ते पाणी नव्हतं.

लोक मागे सरले. मी डबा टाकला. आधी चार्जरचं बटण बंद केलं, मग तिला कमरेत धरून ओढत मोरीवर नेलं, नळ पूर्ण सोडला आणि तिचं डोकं खाली धरलं. ती हात काढेना. मी तिचे हात मनगटाला धरून ओढून काढले. “डोळे उघड,” मी ओरडले. “पल्लवी, डोळे उघड, पाण्यात उघड!” ती लाथा झाडत होती, मला चावली. मी सोडलं नाही. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर पाणी, पाणी आणि पाणी, एवढं एकच शिकवताना आमच्या डोक्यात बसवलं होतं. माझ्याही हातांची आग होत होती, माझी बाही विरत चालली होती.

इंगवले सर आले. मागे उभे राहून ते पहिलं वाक्य बोलले ते असं: “कुणी फोटो काढायचे नाहीत. मोबाईल आत.”

मग मला म्हणाले, “बस झालं आता, गाडी काढलीय, दवाखान्यात नेऊ.”

“अजून नाही.”

“अगं ती किंचाळतेय!”

“किंचाळू दे.”

ती किंचाळायची थांबली, रडायला लागली, तेव्हा मी नळ बंद केला.

डोळे वाचले. डाव्या गालावर आणि हनुवटीखाली भाजलं होतं, हातांवर जास्त. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली धरलं नसतं तर एक डोळा गेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी कंपनीचा माणूस आला. त्याच्यासमोर सरांनी मला विचारलं, “तू चार्जर नीट लावला होतास ना, दर्शना? आठवून सांग.” त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, रोज लावते तसाच लावला होता.

त्या माणसाने टॉर्च मारून बॅटरीत पाहिलं आणि लगेच रुमाल नाकाला लावला. “दिवसातून किती वेळा लावता हो ही?”

“सुट्टी झाली की लावतो,” सर म्हणाले.

“प्रत्येक सुट्टीला?” तो सरळ उभा राहिला. “अहो, ही त्यातली नव्हे. मधे मधे लावता येते ती बॅटरी वेगळी असते. ही एकदाच पूर्ण भरायची आणि मग निवू द्यायची. तुम्ही हिला निवूच दिली नाही. आतलं पाणी आटलंय, नुसती उकळतेय. हिचा गॅस पेट घेतो, हिच्याजवळ काडी ओढायची नसते. आणि इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही? नासक्या अंड्यासारखा वास सुटला असेल की सगळीकडे!”

गायकर मामा दाराशी उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. सर म्हणाले, “हां, थोडाफार यायचा.”

मी तशीच घरी गेले. हातांना पट्ट्या होत्या. आय शेजारच्या ओसरीवर बसून बोंबील निवडत होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. पेनापासून सांगितलं. तिने मधे एकदाही हात थांबवला नाही.

मी थांबल्यावर ती म्हणाली, “मंजे वास तुमचे मशिनीचा, न नाक मुरडलास माझे टोपलीला?”

मी मान खाली घातली. ती उठली, एक टोपली डोक्यावर घेतली आणि आमच्या ओटीवर नेऊन ठेवली. मग दुसरी. मी उठायला लागले तर म्हणाली, “बस. तुझे हात भाजलेत.”

पल्लवीला मी आठवड्याने भेटायला गेले, कल्याणला, तिच्या माहेरी. तिच्या आईने मला मिठी मारली, पुन्हा पुन्हा हात जोडले. आम्हा दोघींना चहा देऊन ती आत गेली. पल्लवीच्या गालावर पांढरं मलम होतं. तिला नीट हसता येत नव्हतं.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “सरांना तुझं नाव मीच सांगितलं होतं.”

मला ते माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. जवळ्याची चटणी डब्यात असते हे ठाऊक असणारी तीच होती. झाकणाआड लपवून, चपातीच्या तुकड्याने अर्धीअधिक तीच खायची.

“त्यांनी विचारलं, इथे मासळी कोण आणतं. मी काय सांगणार? आणायचीस तर तूच. मी खोटं थोडंच बोलले?”

“नाही.”

“मी खायचे हे नाही सांगितलं. आमच्या घरी चालत नाही, आईच्या कानावर गेलं असतं.”

“बरं केलंस.”

मला वाटलं ती रडणार. तिचं मन हलकं व्हावं असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मग ती माझ्याकडे सरकली आणि अगदी मैत्रिणीच्या आवाजात म्हणाली, “पण एक खरं सांगू? रागावू नकोस. बॅटरीचा होता ते ठीक आहे. पण थोडा तुझाही यायचाच गं.”

चहा अर्धा राहिला होता. मी कप खाली ठेवला. तिच्या आईला येते म्हणून सांगितलं आणि जिना उतरले.

कामावर परत गेले त्या दिवशी सगळं चकचकीत होतं. कंपनीने नवी बॅटरी दिली होती, सुट्टीत लावता येते तसली. न उकळणारी, न वासाची. चार्जर तिथेच होता, टेबल तिथेच होतं. जेवणाच्या सुट्टीत इंगवले सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती जमवलं. पेढे मागवले होते.

“दर्शनाने जे केलं त्याला तोड नाही,” ते म्हणाले. “एका मुलीचे डोळे वाचवले. आणि मधे जे काही गैरसमज झाले ते झाले. आपण सगळे एका घरातली माणसं आहोत. आजपासून दर्शना परत आपल्यात बसून जेवणार.”

टाळ्या वाजल्या. ज्या बाईने गाडी बदलायला सांगितली होती तिने सगळ्यांत जास्त वाजवल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“आणि गेटवरची पाटी?” गायकर मामांनी मागून विचारलं.

सर हसले. “पाटी राहू दे. तशी पाटी असलेलीच बरी. स्वच्छता राहते. काय दर्शना? तुलाही पटेल.” त्यांनी पेढा उचलून माझ्यापुढे धरला.

मी पेढा घेतला नाही. “मी बाहेरच बसते, सर.”

“का? अजून राग आहे का मनात?”

“राग नाही.” मी टेबलाभोवतीची सगळी तोंडं बघितली. चघळणारी, हसणारी, पेढ्याचे कण ओठांना लागलेली. “मला इथे किळस येते.”

मी डबा घेऊन टाकीजवळ गेले. मागे कुणी आलं नाही. काही महिन्यांनी मला दुसरीकडे काम मिळालं तोवर मी तिथेच बसून जेवले.

पेढा नाकारला त्या संध्याकाळी मात्र मी हलक्या पावलांनी घरी आले. आल्या आल्या आयला म्हटलं, “बोंबील तल. मना भूक लागलीय.”

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग काही न विचारता चुलीपुढे बसली. बोंबील धुतले, हळद-तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवले. तेलात पडल्यावर तो चर्र आवाज झाला. लहानपणापासून त्या आवाजाला माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. तिने ताटात भाकरी ठेवली, वर दोन बोंबील ठेवले आणि समोर बसली.

मी तुकडा मोडला. तोंडात घातला. चव तीच होती. मी चावले. मी पुन्हा चावले. मला ठाऊक होतं की ही मासळी आहे, खाडीवरच्या वाऱ्यात वाळलेली, माझ्या सासूने हाताने निवडलेली. मला ठाऊक होतं की वास बॅटरीचा होता. मी गिळायला गेले आणि माझ्या पोटाने तो घास परत वर लोटला. तोंडावर हात धरून मी अंगणात धावले.

आत आले तेव्हा आय माझं ताट आपल्याकडे ओढून घेऊन बसली होती. बोंबील तिने तिच्या भाकरीवर घेतले होते.

“वरन गरम करतंय तुला,” ती म्हणाली. “बस.”

आय आता नाही. सुकी मासळी मला अजून खाता येत नाही.